एका इंचाला एक फूट

अंदाजपत्रकात ओळ होती: 'रॅम्प, १ नग'. लांबी नाही, रुंदी नाही, उतार तर नाहीच. नळाच्या तोट्या जशा नगावर असतात, तसा रॅम्पही एक नग.

तो नग मी बसवला. २०१९ च्या लोकसभेच्या आधीची गोष्ट. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा हेच मतदान केंद्र, आणि केंद्रावर रॅम्प हवा म्हणून वरून आदेश आलेला. २३ एप्रिलला मतदान, माझ्या हातात दहा-बारा दिवस. शाळेचं जोतं दोन फुटांचं, पुढे चार पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूला पडवीपासून आठ फुटांवर झेंड्याचा चौथरा. म्हणजे जागा आठ फूट. मी दोरी ताणली, दोन्ही अंगांना चिरे लावले, मधे भर घातली, वरून काँक्रीट केलं आणि त्यावर जीव लावून घोटाई केली. आमचे बाबा गवंडी. त्यांनी शिकवलेलं एकच: काम झालं की तळहात फिरवायचा, हात कुठे अडला नाही तर काम झालं. त्या रॅम्पवर हात कुठेही अडत नव्हता. फोटो काढला, बिल लावलं, पैसे आले.

मतदानाच्या दिवशी एका आजोबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. पायऱ्यांवरून नेलं, रॅम्पवरून नाही. मी तिथेच रांगेत उभा होतो, आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

पुढची सहा वर्षं रॅम्पचा भरपूर वापर झाला. पोरांनी त्याची घसरगुंडी केली. पावसाळ्यात गुरुजींची स्कूटर त्यावरून पडवीत चढायची. पोषण आहाराचं तांदळाचं पोतं मात्र हमाल पायऱ्यांवरूनच आणायचा. हमालाला कळतं.

२०२५ च्या जानेवारीत शाळेची कौलं परतायचं काम माझ्याकडे आलं. मी छपरावर होतो. खाली एक बाई पोरीला कडेवर घेऊन आल्या आणि पायऱ्या चढायला लागल्या. पोर काही तान्ही नव्हती, सहा वर्षांची असेल. पाय लांब आणि ताठ, कात्रीसारखे एकावर एक आलेले. बाईंनी एक हात भिंतीला लावला, दुसऱ्याने पोरीला सावरलं आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढल्या. आमच्याच गावच्या, खालच्या वाडीतल्या. मी वरून ओरडलो, "वहिनी, रॅम्प हाय ना बाजूला!"

त्यांनी वर बघितलं. "दादा, त्याच्यावरना मी एकटी उतरले तरी घसरते. पोरीला घेऊन कुठं जाऊ?"

कौलं परतायला अजून तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी त्या रॅम्पकडे बघायचं टाळत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पोरीचं नाव इथे लिहीत नाही. घरी तिला बाय म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाय दिवसांआधी जन्मली, सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, तोंड त्याहून तल्लख, पायांचे स्नायू मात्र आखडलेले. घरात वॉकर धरून चार पावलं टाकते, लांबचं अंतर चाकांच्या खुर्चीवर. प्रमाणपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र ही कामं आईबापांनी आधीच उरकली होती. अंगणवाडी संपत आली होती आणि जूनला पहिलीत घालायचं होतं. त्या दिवशी आई बाईंना विचारायला आली होती, की हिला इथे घ्याल का, की लांबच्या निवासी शाळेचं बघू.

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी घेणार म्हणून सांगितलं आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेला फोन लावला. या मॅडम समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येतात. त्यांच्याकडे इतक्या शाळा, की महिन्यातून दोनदा आल्या तरी नशीब. पण त्या आल्या त्या खुर्ची घेऊनच, टमटमच्या टपावर बांधून. आल्या आल्या विचारलं, "हा रॅम्प कोणी बांधला?"

मी छपरावरून उतरलो.

मॅडमनी बायला काही त्या खुर्चीत बसवलं नाही. स्वयंपाकघरातून तांदळाचं अर्धं पोतं आणायला सांगितलं. वीस किलोच्या आसपास, बायच्या वजनाचं. ते खुर्चीत ठेवलं, पट्टा लावला आणि मला म्हणाल्या, "चढवा."

मी सिमेंटच्या गोणी उचलणारा माणूस. चार पावलं मागे गेलो, धाव घेतली आणि चढवली. फार काही वाटलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आता उतरवा."

उतरताना खुर्ची आपण ढकलत नाही, ती आपल्याला ओढते. दुसऱ्या पावलाला माझी चप्पल माझ्याच घोटाईवर सरकली. मी बसलो, खुर्ची सुटली आणि थेट झेंड्याच्या चौथऱ्यावर जाऊन आपटली. पोतं फुटलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. बाईंनी आतून सूप आणलं आणि आम्ही तिघं अंगणात बसून तांदूळ गोळा करत राहिलो.

तांदूळ निवडता निवडता मॅडमनी मला उतार शिकवला. उभा चढ एक, तर आडवी लांबी निदान बारा. १:१२. मोबाइलवर त्यांनी आकृत्या दाखवल्या, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. मिलिमीटर बघितला की आमच्या डोक्याला मुंग्या येतात; आम्ही फूट-इंचातली माणसं. मग एकदम लक्षात आलं, अरे, हे तर एका इंचाला एक फूट! याहून सोपं माप गवंड्याला दुसरं नाही. जोतं किती इंच, तितके फूट रॅम्प. दोन फूट जोतं म्हणजे चोवीस इंच, म्हणजे चोवीस फूट. आणि मी केला होता आठ. एका फुटाला तीन इंच चढ. ती घसरगुंडी म्हणून ठीक होती, पोरांनी ते आधीच ओळखलं होतं.

एवढं साधं माप इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. कौलारू छपराचा ढाळ किती ठेवायचा हे मी झोपेत सांगेन, कारण तो चुकला तर घर गळतं आणि मालक दारात येतो. रॅम्प चुकला तर कोणी दारात येत नाही. ज्याला तो हवा असतो तो घरीच बसलेला असतो.

आता पैसे. २६ जानेवारीची ग्रामसभा समोर होती. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे सरपंचांना माहीत होतं. पण आमच्या पंचायतीचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्याच्या ५ टक्क्यांत एका बाजूचं रेलिंगही झालं नसतं. शिवाय त्यात गावातल्या बाकीच्यांचाही वाटा. मॅडमनी सभेत कायदा सांगितला. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम: जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. निवड घरच्यांची. सभा शांतपणे ऐकत होती. आमच्याकडे कायदा शांतपणेच ऐकतात.

मग एक जण उठला. "एका पोरीसाठी एवढं? चार वर्षांनी ती पाचवीला जाणार दुसरीकडे. मग?"

कुणी उत्तर दिलं नाही. बायची आई मागे बायकांत बसली होती, तिने मान खाली घातली. शेवटी बोलल्या त्या बाईच. त्यांनी हक्काचं नाव काढलं नाही. त्यांनी हजेरीपट उघडला. या जूनला चौथीची पोरं गेली की पट १९ वर येणार. वीसच्या आतल्या शाळांचं काय चाललंय ते पेपरात वाचता ना? ही आली तर २०.

पुढच्या पाच मिनिटांत ठराव झाला. मघाचा माणूसच अनुमोदक.

मला ते बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. बायला शाळा मिळाली ती विसावी म्हणून. एकविसावी असती तर? पण गावात काम करायचं तर कुठल्या दरवाजाने आत शिरलो यावर फार विचार करून चालत नाही. उरलेले पैसे मुंबईच्या मंडळाने काढले. शिमग्याला चाकरमानी आले तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर सहाणेवरच पावत्या फाडल्या. मजुरीत मी माझा नफा धरला नाही. त्यात उपकार कसला? चुकलेलं काम दुरुस्त करायचे पैसे कोण घेतो?

रॅम्प आता पडवीला काटकोनात नाही, पडवीला समांतर घ्यायचा ठरवलं. आडवा. २०१९ ला हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बारा फूट चढ, मधे पाच फूट सपाट, परत बारा फूट चढ, आणि वर पडवीच्या तोंडाशी पाच बाय पाचचा सपाट भाग, खुर्ची तिथे पूर्ण वळली पाहिजे. रुंदी पाच फूट. मी फक्की टाकून अंगणात आखणी केली तेव्हा गाव बघायला जमलं. "बैलगाडी चढवायची काय रे?" "विमान उतरवतंय!" चौतीस फुटांची ती पांढरी रेघ बघून मलाही वाटलं, जरा जास्तच होतंय. पण पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली आणि दर फुटाला एक इंच अशा खुंट्या मारल्या. खुंट्यांची रांग लांबून बघितली तर चढ आहे हे कळतही नव्हतं. तेव्हा पटलं.

बाय आखणीच्या दिवशी आईच्या मांडीवर बसून बघत होती. मला म्हणाली, "काका, चढताना मी वर बघते. उतरताना सगळं खालचं दिसतं."

तिने दिलेलं हे सगळ्यात उपयोगी माप. त्यामुळे मी मधला सपाट भाग पाच फुटांऐवजी सहा केला. उतरताना मधे थांबून श्वास घेता आला पाहिजे. कडेला दोन्ही बाजूंनी चार इंचांची कड उचलली, म्हणजे पुढचं चाक बाहेर जाणार नाही. आणि खाली, जिथे रॅम्प संपतो तिथे मातीचं अंगण होतं. पावसात तिथे चिखल होणार आणि छोटी चाकं रुतणार. तिथे आणखी सहा फूट काँक्रीट. हे कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हतं.

भर घालून धुम्मस केली, दोन दिवस पाणी मारून बसवली. मग काँक्रीट. आणि आता घोटाई करायची नव्हती. माझ्याकडच्या गवंड्याला सांगितलं, ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढ. तो थापी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. बाबा काठी टेकत आले होते. त्यांनी वाकून तळहात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "घोटलंस नाय?"

"खरखरीतच पायजे बाबा."

"लोक नावं ठेवतील."

"माझं नाव हाय ना, ठेवू देत."

ते काही बोलले नाहीत. पण परत जाताना पायऱ्यांवरून न जाता रॅम्पवरून उतरले, हे मी बघितलं. त्यांचे गुडघे गेलेत.

खालचा बारा फुटांचा भाग झाला, वरचा भरला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस सुरू झाला. २०२५ चा तो पाऊस कोकणात कोण विसरेल! आंबा अजून झाडावर होता, लाकडं भरायची राहिली होती. २५ मेला तर मान्सून तळकोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीरही केलं. आमचं काँक्रीट चार तासांचं होतं. ताडपत्री घातली, पण पाऊस वरून नुसता येत नव्हता, छपराच्या पागोळ्या नेमक्या रॅम्पवर पडत होत्या. सकाळी ताडपत्री काढली तर पागोळ्यांनी बरोब्बर एका ओळीत भोकं पाडलेली, खडी उघडी. वरचा पापुद्रा फोडून परत केला.

पण त्या भोकांनी एक गोष्ट दाखवून दिली. पडवीला समांतर रॅम्प म्हणजे सबंध पावसाळा पागोळ्यांखाली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ते पाणी चार महिने एकाच रेषेत पडलं तर त्या रेषेवर शेवाळ धरणारच, आणि शेवाळावर खराट्याच्या रेघाही काही करू शकत नाहीत. शहरातल्या कागदांत पागोळ्या नसतात. आम्ही छपराच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावली आणि पाइपने पाणी विहिरीकडे वळवलं. शिवाय दर शनिवारी शाळा सुटल्यावर ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, असं व्यवस्थापन समितीच्या वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेलं किती पाळलं जातं हे वेगळं सांगायला नको. श्रावणात दोनदा मीच घासला.

रॅम्प झाला, आणि मला वाटलं संपलं. मॅडम खुर्ची घेऊन आल्या. अंगणातून वर, पडवीत, पडवीतून वर्गाच्या दाराशी, आणि ठप्प. उंबरा. अडीच इंचांचा सागवानी उंबरा, माझ्या आज्याच्या वयाचा. पस्तीस फुटांची लढाई जिंकून आम्ही अडीच इंचांपाशी अडकलो. सुताराला बोलावलं तर तो करवत लावायला तयार नाही. उंबरा कसा कापायचा? घराच्या उंबऱ्यावर आपण हळदकुंकू वाहतो. बाईंनी नारळ वाढवला, मग त्याने कापला. मला हसू आलं नाही, मीही हात जोडले होते.

शौचालयाचं दार दोन फुटांचं, खुर्ची पंचवीस इंचांची. ते फोडून तीन फूट केलं, दार बाहेर उघडणारं, कारण आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही. भांडं उंच बसवलं, बाजूला धरायला दांड्या. यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त एक: कडी मी सवयीने माझ्या छातीच्या उंचीवर लावली होती.

रेलिंगला खर्च झाला. समुद्र आमच्यापासून हाकेवर, खाऱ्या वाऱ्यात साधा पाइप तीन पावसाळे टिकत नाही. स्टेनलेसचा दीड इंची पाइप घेतला. दोन उंचींवर: मोठ्यांसाठी तीन फुटांवर, पोरांसाठी त्याच्या खाली.

पायऱ्याही ठेवल्या. रॅम्प आला म्हणून पायऱ्या तोडायच्या नसतात. गुडघे दुखणाऱ्या कित्येकांना रेलिंग असलेली पायरीच बरी पडते. मॅडमनी पायऱ्यांच्या कडेला दोन इंचांचा पिवळा पट्टा मारायला सांगितला. मला वाटलं शोभेसाठी. तर तिसरीतल्या एका मुलासाठी. तो सारखा पायरीवर अडखळायचा, घरी-दारी सगळे त्याला वेंधळा म्हणायचे. मॅडमनी त्याला फळ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर उभं करून बघितलं आणि तपासणीला पाठवला. अल्पदृष्टी निघाली. चष्म्याने पूर्ण भागत नाही. जांभ्याच्या तांबड्या पायरीची कड त्याला तांबड्या अंगणापासून वेगळी दिसतच नव्हती. तीन वर्षं तो आमच्या समोर पडत होता, आणि आम्ही तीन वर्षं त्याला बघून चाल म्हणत होतो. चार ब्रश पिवळ्या रंगाचं काम.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. बायला खाली उतरवून खुर्चीत बसवलं आणि तिच्या बापाने ढकलत वर नेलं. फुगे वगैरे होते, कोणीतरी फोटो काढत होतं. बाय फोटोवाल्याला म्हणाली, "मला उशीर होतोय." पहिलीच्या पहिल्या दिवशी कसला उशीर, पण म्हणाली.

खरा प्रश्न दुपारी आला. पोषण आहाराला पोरं पडवीत मांडी घालून ओळीने बसतात. बाय खुर्चीत, वर. तिचं ताट मांडीवरच्या फळीवर. सगळ्यांच्या डोक्यावरून ती एकटीच समोरच्या भिंतीकडे बघत जेवत होती. तिला काही म्हणायचं नव्हतं, पण दोन दिवसांनी तिने डबा घरूनच आणते म्हणून सांगितलं, आणि बाईंच्या ते लक्षात आलं. खाली बसवलं तर पाय आखडतात, पाठीला टेकू लागतो. मी पडवीच्या भिंतीला लागून दीड फुटाचा कट्टा घातला, वर शहाबादी फरशी, आणि मधे खुर्ची मावेल एवढी जागा मोकळी सोडली. खुर्चीची बैठक आणि कट्टा एका उंचीत. पहिल्या दिवशी कट्ट्यावर कोण बसणार यावरून मारामारी झाली. आता वार ठरलेत.

एकदा डोळ्यांत माप बसलं की जातं थोडंच? बँकेला पाच पायऱ्या, एटीएमला दोन. पशुवैद्यकीय दवाखान्याला मात्र छान उतार, कारण गाय पायऱ्या चढत नाही. बायला व्यायामासाठी महिन्यातून दोनदा दापोलीला नेतात, धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने. तिची आई म्हणते, सगळ्या प्रवासात कुणाला हात न लावता खुर्ची जाते ती फक्त बोटीत. सरळ धक्क्यावरून आत, पलीकडे सरळ बाहेर. अर्थात, तो उतार मोटारींसाठी केलेला आहे. आमच्याकडे जिथे गाडी जायची असते तिथे उतार, आणि जिथे नुसतं माणूस जायचं असतं तिथे पायऱ्या.

आणि पायऱ्यांचं म्हणाल तर सगळ्यात मोठं काम अजून तसंच आहे. बायचं घर खालच्या वाडीत. रस्ता देवळापाशी संपतो, तिथून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी. मी मोजल्या, त्रेचाळीस पायऱ्या, कुठे सहा इंच तर कुठे अकरा. खुर्ची शाळेतच राहते. रोज सकाळी आई तिला कडेवर घेऊन त्रेचाळीस पायऱ्या चढते, देवळापाशी बापाची मोटरसायकल, मग शाळा. एका इंचाला एक फूट धरून पाखाडीला रॅम्प होत नाही, चढच तेवढा आहे. पण डोंगराच्या अंगाने वळसा घेऊन एक पायवाट होऊ शकते, एका काजूच्या बागेतून. चढ फार नाही, मी दोरी लावून बघितलंय. बागेच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. नऊ जण मुंबईत, दोन सुरतेला, पाच हयात नाहीत. गणपतीला जे आले त्यांच्या सह्या घेतल्या. अकरा झाल्या.

परवा शाळेत कामाला गेलो होतो, टाकीचा नळ बदलायला. बाय मधल्या सुट्टीत रॅम्पच्या मधल्या सपाट भागावर होती, ती तिची जागा झाली आहे. खालच्या रेलिंगला धरून ती खुर्ची स्वतःच पुढे ओढते. मला बघून म्हणाली, "काका, इथे टोचतं."

पाइपचा जोड. वेल्डिंगचा एक बारीक काटा राहिला होता. वरच्या दांडीवर मी हात फिरवून बघितला होता, खालच्या दांडीवर वाकलो नव्हतो. गाडीतून कानस आणली आणि खाली बसून घासायला लागलो. थोडं घासलं की ती तळहात फिरवायची आणि मान हलवायची: नाही. परत घासायचं. चौथ्यांदा तिचा हात अडला नाही. मग तिने खुर्ची दोन फूट पुढे ओढली आणि पुढच्या जोडावर बोट ठेवलं.